खाकी पॅन्ट आणि राहिलेले ब्लाऊज

विसर्जनाची मिरवणूक, रात्रीचे साडेनऊ, मारुतीच्या पारापाशी माझा पॉईंट. हातात लाठी, गळ्यात शिट्टी, समोरून डीजेचा ट्रॅक्टर येतोय आणि पोरं दोरीच्या आत घुसतायत म्हणून मी त्यांना मागं रेटतेय, एवढ्यात पाठीमागून कुणीतरी खांद्याला हात लावला. वळून बघते तर आमच्या गल्लीतल्या काकू. म्हणल्या, "अगो बाई, तू होय! मला वाटलं कोण मॅडम. बरं माझा तो मोरपंखी ब्लाऊज कधी देतेस, गुरुवारी बारसं आहे." आता काय सांगायचं, ढोल वाजतायत, पीएसआय साहेब दहा फुटांवर उभे, मी ओरडून म्हणलं "परवा या काकू", त्या म्हणल्या "काय?", मी परत जीव खाऊन ओरडले "परवाऽऽ", तर समोरच्या पोरांना वाटलं बाई आपल्यावरच भडकली, ती आपली आपण दोन पावलं मागं सरकली.

तर हो, मी होमगार्ड आहे. आणि टेलर पण आहे. बऱ्याच जणी विचारतात की हे कसं काय झालं, मेसेजवर प्रत्येकीला तेच तेच लिहून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते.

मला खरं तर पोलिसातच जायचं होतं. एकोणीस वर्षांची असताना भरतीची चौकशी केली तर बायकांना उंची लागते १५५ सेंटिमीटर आणि मी १५२. तीन सेंटिमीटरनी राहिलं. घरच्यांना बरंच वाटलं, लगेच शिवणक्लास लावला, मग लग्न, मग पुढच्या खोलीत मशीन टाकून दुकान, असं करत चौतीस वर्षांची झाले. २०२४ च्या पावसाळ्यात एका ग्रुपवर होमगार्ड नोंदणीची जाहिरात आली. मी सवयीने पहिल्यांदा उंची बघितली. महिला १५० सेंटिमीटर. वय २० ते ५०, शिक्षण दहावी पास. मी दोनदा वाचलं आणि मग तिसऱ्यांदा यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हे म्हणाले, "अगं ते एटीएमपाशी बसतात ते का?" ते नाही हो. पण हा गैरसमज निम्म्या गावाला आहे त्यामुळे यांना दोष देत नाही.

फॉर्म ऑनलाईन भरायचा, मग आधार, दहावीचं मार्कशीट, जन्मतारखेचा पुरावा आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, तोही तीन महिन्यांच्या आतला. खाजगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत लागतं, माझी मालकीण मीच त्यामुळे तो प्रश्न मिटला. दाखल्यासाठी पोलीस स्टेशनला गेले तर अंमलदार साहेबांनी विचारलं तुमच्यावर काही गुन्हा वगैरे, मी म्हणलं नाही, तर शेजारी बसलेल्या हवालदारांनी मान वर केली आणि म्हणाले, "ह्यांच्यावर आहे, माझ्या मिसेसचा ड्रेस दोन महिने झाले दिला नाही." सगळं स्टेशन हसलं. मी घरी येऊन पहिलं काम तो ड्रेस शिवला. छोट्या गावात चारित्र्य पडताळणी ही अशी होते.

मैदानी चाचणीत बायकांना ८०० मीटर पळायचं आणि ४ किलोचा गोळा फेकायचा. पुरुषांना १६०० मीटर आणि गोळा ७.२६ किलोचा. पळायला मी पहाटे पाच वाजता शाळेच्या ग्राउंडवर जायला लागले, तिथे भरतीची तयारी करणाऱ्या दोन पोरी होत्या, त्यांच्या मागं मागं. पहिल्या दिवशी एका चक्करमध्ये पोटात असं दुखलं की खाली बसले. त्या पोरींना होमगार्डमध्ये यायचंच होतं कारण तीन वर्षं सेवा झाली की पोलीस भरतीत होमगार्डसाठीचं ५ टक्के आरक्षण मिळतं, त्यांचा हिशोब पक्का होता. माझा कसलाच हिशोब नव्हता. गोळ्याची प्रॅक्टिस कशी करायची तर घरात ४ किलोची वस्तू शोधली, किराणा दुकानात नेऊन वजन केलं, आणि शेवटी आमच्या पाट्याचा वरवंटा निघाला, तीन किलो आठशे. तो मानेपाशी धरून मी परसात फेकायचे. आईंनी म्हणजे सासूबाईंनी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी वरवंटा उचलून आत नेला आणि म्हणल्या, "तुला काय व्हायचं ते हो, पण ह्याच्यावर माझ्या सासूनं चटणी वाटलीय." मग दगड शोधला.

चाचणी जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयाच्या ग्राउंडवर झाली. उंची मोजायला उभी राहिले तर मोजणाऱ्या मॅडम म्हणल्या, "अंबाडा सोडा." सोडला. त्यांनी पट्टी डोक्यावर टेकवली, दाबली, वाकून आकडा बघितला आणि नुसतं "पुढं" म्हणल्या. त्या एका "पुढं"साठी मी पंधरा वर्षं थांबले होते असं मला त्या क्षणी वाटलं, नंतर मात्र ८०० मीटर पळताना काहीही वाटलं नाही, फक्त श्वास.

आता होमगार्ड म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण मला पण आधी माहीत नव्हतं. मुंबईत दंगली चालू होत्या तेव्हा मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते, त्यांच्या काळात ६ डिसेंबर १९४६ ला ही संघटना सुरू झाली, पोलिसांना मदत करायला साध्या नागरिकांची फौज. पुढच्याच वर्षी, १९४७ ला कायदा झाला. १९६२ च्या चीन युद्धानंतर सगळ्या देशात एकसारखी रचना आली. म्हणजे मूळ कल्पनाच अशी की शिक्षक, दुकानदार, शेतकरी, टेलर, आपापलं काम करणारी माणसं, बोलावलं की अंगावर खाकी चढवून यायचं आणि काम झालं की परत आपल्या धंद्याला. ड्युटीवर बोलावलेलं असेल तेव्हा कायद्यानं आपल्याला पोलिसासारखे अधिकार आणि संरक्षण असतं, घरी असताना आपण कुणी नाही. ब्रीदवाक्य आहे निष्काम सेवा. आमच्या पथकाचे साहेब सुद्धा स्वतःचं हार्डवेअरचं दुकान चालवतात, परेडला दोन मिनिटं उशीर झाला तर ज्या आवाजात झापतात त्याच आवाजात दुसऱ्या दिवशी खिळ्यांचा भाव सांगतात.

ट्रेनिंगबद्दल जास्त लिहीत नाही, सावधान, विश्राम, दाहिने मूड, पीछे मूड, तेज चल, थम. पहिल्या आठवड्यात पीछे मूड म्हणलं की आम्ही अर्ध्या जणी एकमेकींसमोर तोंड करून उभ्या. लाठी शिकवली, पण मारायला कमी आणि आडवी धरून गर्दी थोपवायला जास्त. उस्ताद एक गोष्ट सारखी सांगायचे, गर्दीला ढकलायचं नाही, गर्दीला जागा दाखवायची. माणसाला जायला वाट दिसली की तो भांडत नाही. हे मला पंढरपुरात कळलं, ते पुढे सांगते.

पण त्याआधी पॅन्ट. ही माझी खास तक्रार आणि खास अभिमान. गणवेश हातात आला तेव्हा आम्ही सगळ्याजणी खूश, आणि घरी जाऊन घातला तेव्हा सगळ्याजणी रडकुंडीला. पॅन्टचं कटिंग सरळ पुरुषी. कमरेत ढगळ, सीटला घट्ट, आसन एवढं लांब की चालताना गुडघ्याकडे ओढतंय, आणि लांबी माझ्यासारखीला चार बोटं जास्त. एकीनं तर आत सलवारीची नाडी घालून आणली होती. म्हणलं आणा सगळ्या इकडे. रविवारी दुपारी माझ्या दुकानात अकरा खाकी पॅन्ट. सगळ्यांची मागची शिलाई उसवली, बेल्ट काढला, कमरेला मागून दोन टक्स घातले, आसन दीड इंच वर घेतलं, सीटला आतल्या मार्जिनमधून जेवढं निघालं तेवढं सोडलं, खालून दुमडून हातानं तुरपाई. खाकीचं कापड जाड, तीन घड्या एकत्र आल्या की माझी सोळा नंबरची सुई पण कुरकुरायला लागायची, दोन सुया तुटल्या. एकीनं विचारलं ताई खिसा थोडा खोल करता येईल का, मोबाईल पडतो पळताना. मग अकराही पॅन्टींचे खिसे खोल केले. पुढच्या परेडला आम्ही उभ्या राहिलो तर साहेब म्हणाले, "आज महिला पथक काहीतरी वेगळं दिसतंय, प्रॅक्टिस चांगली झालेली दिसते." आम्ही कुणी काही बोललो नाही.

पहिला मोठा बंदोबस्त आषाढीचा, २०२५ ला एकादशी ६ जुलैला होती. बसने पंढरपूर, राहायची सोय एका शाळेच्या वर्गात, सतरंजीवर ओळीनं सगळ्या, चाळीस बायकांत दोन संडास. पहाटे तीनला उठून नंबर लावायचा. ज्यांना हे काम खाकीच्या रुबाबासाठी करायचंय त्यांनी आधी तिथे चार दिवस राहून यावं म्हणते मी. माझा पॉईंट गोपाळपूर रोडला पत्राशेडपाशी, दर्शनबारीत. लोक दहा-दहा, पंधरा-पंधरा तास रांगेत उभे राहून तिथपर्यंत येतात, पाय सुजलेले, त्यात कुणीतरी मधेच घुसतं आणि मग ठिणगी पडते. मी पहिल्या दिवशी "माऊली मागं व्हा, माऊली मागं व्हा" करून घसा बसवला. दुसऱ्या दिवशी उस्तादांचं आठवलं, आणि नुसतं हात करून सांगायला लागले की माऊली हा पाईप दिसतोय ना, तिथून वळली रांग की पुढं पंखा आहे. पंखा म्हणलं की माणसं गपचूप सरकायची. पंखा एकच होता आणि तो पण मधूनच बंद पडायचा, पण होता.

तिथेच एक आजी सापडल्या. नव्वदच्या घरात असतील, दिंडीतून चुकलेल्या, मोबाईल नाही, गाव विचारलं तर नाव सांगितलं पण तालुका सांगता येईना, आणि त्या अजिबात घाबरलेल्या नव्हत्या, मीच घाबरलेली. म्हणलं आजी दिंडी कितवी, म्हणल्या रथामागं. माऊलींच्या पालखीतल्या दिंड्यांना रथापुढं आणि रथामागं असे नंबर असतात, आणि रथामागच्या दिंड्या थोड्या नाहीत, खूप आहेत. आकडा आठवेना त्यांना. मग त्यांची पिशवी बघितली, आत एक स्टीलचा डबा आणि डब्याच्या झाकणावर ऑइलपेंटनं लिहिलेला नंबर, दिंडीत भांडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून टाकतात तसा. पॉईंट सोडता येत नाही म्हणून रिलीव्हर यायची वाट बघितली, दोन तास आजी माझ्या शेजारी खुर्चीवर बसून माझ्यापेक्षा चांगली रांग सांभाळत होत्या, कुणी घुसलं की सरळ म्हणायच्या, "का रं, विठ्ठल काय पळून चाललाय?" मग पासष्ट एकरात, म्हणजे दिंड्या जिथे तंबू टाकून उतरतात त्या मैदानात, त्यांना सोडायला गेले. दिंडीवाल्यांनी बघितलं, एकजण म्हणाला आल्या का, जेवून घ्या. बस. शोधाशोध, रडारड काही नाही. आजी मला म्हणल्या तू पण बस, आणि मी खाकीत मांडी घालून पंगतीला बसले. आसन दीड इंच वर घेतल्याचा फायदा तेव्हा झाला.

पंढरपूर सोपं होतं हे मला गावात आल्यावर कळलं. तिथे कुणी ओळखत नव्हतं ना! गावात पॉईंटवर उभं राहणं म्हणजे एकेक माणूस ओळखीचा. कुणाचं माप मला तोंडपाठ, कुणाची उधारी वहीत, कुणाच्या लग्नात मी पंक्तीला वाढलेलं. त्याच विसर्जनाला, त्या मोरपंखी काकू गेल्यावर अर्ध्या तासात, शेजारच्या वहिनींचा पुतण्या बुलेट घेऊन आला, मागं दोघं, सायलेन्सरचा आवाज काढत, आणि बंद केलेल्या रस्त्यातून घुसायला लागला. मी बॅरिकेड धरून उभी राहिले. "काकू, मी आहे," तो म्हणाला. म्हणलं दिसतोयस ना, म्हणून तर सांगतेय, मागनं जा. "काकू दोन मिनिटं." नाही. मागं लहान पोरं खांद्यावर घेऊन माणसं उभी होती. त्यानं गाडी रेज केली, मी शिट्टी मारली, हवालदार आले आणि गाडी बाजूला घेतली, पुढे दंड झाला. दंड मी केला नाही, मला पावती फाडता पण येत नाही, पण शिट्टी माझी होती हे सगळ्या गल्लीनं बघितलं. वहिनी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचे सगळे ब्लाऊज आता दुसरीकडे जातात, आणि तिथला शिलाईचा हात मला माहितीय, मुंढ्यात म्हणजे काखेपाशी चुण्या पडतात. मला वाईट वाटतं, चुण्यांचं पण वाटतं आणि वहिनींचं जास्त वाटतं, चौदा वर्षांची शेजारीण आहे. पण परत तशी वेळ आली तर शिट्टी मारीन का, तर मारीन.

दुसरी गोष्ट झाली ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. गणवेश काढून खुंटीला लावला तरी लोकांच्या डोळ्यात तो राहतोच. दुकानात बायका माप द्यायला येतात, पडदा ओढला की बोलतात, हे पूर्वीपासूनच होतं. टेलरला सगळं कळतं, कुणाची कंबर दोन इंच का उतरली, कोण पूर्ण बाह्या का शिवून घेते. पूर्वी मी ऐकायचे आणि टेप गुंडाळायचे. आता त्या बोलून झालं की थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मला गुन्हा नोंदवता येत नाही, कुणाला आत टाकता येत नाही, ड्युटी नसताना तर मी साधी शेजारीण. पण ११२ ला फोन केला की काय विचारतात, स्टेशनला गेलं की आधी कुणाला भेटायचं, तक्रार दिल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळते ती मागून घ्यायची, हे मला सांगता येतं, आणि सोबत जाता येतं. दोघींबरोबर गेले आत्तापर्यंत. एकीनं दारातून परत फिरवलं, म्हणली नको ताई, चला. आलो परत. तिचा तो पूर्ण बाह्यांचा ड्रेस मी तसाच शिवून दिला, पैसे घेतले नाहीत, तर ती रागावली.

एकदा रात्री पावणेबाराला फोन आला. एसटी स्टँडवर एक मुलगी सापडलीय, घरातून निघून आलेली, लेडीज स्टाफ एका बंदोबस्ताला बाहेरगावी गेलाय, तुम्ही या. यांनी गाडीवर सोडलं. मुलगी असेल एकोणीस-वीसची, बाकावर गुडघे जवळ घेऊन बसलेली, कोणाशीच बोलेना. मी पण बोलले नाही, खरं सांगायचं तर काय बोलायचं ते सुचतच नव्हतं. तिच्या कुर्त्याची बाही खांद्यात उसवली होती, ती सारखी ओढणीनं झाकत होती. माझ्या खिशात, त्या खोल केलेल्या खिशात, सुई आणि खाकी दोरा कायम असतो. म्हणलं हात इकडे कर. गुलाबी कुर्त्यावर खाकी दोरा, घालतेय टाके. चार टाके झाल्यावर ती म्हणली, "रंग मॅच नाही होत." म्हणलं नाही होत बाई, रात्री बारा वाजता कुठून आणू गुलाबी. मग हसली जरा, चहा घेतला, आणि तीनच्या सुमाराला मावशीचा नंबर सांगितला. सकाळी मावशी आली, साहेबांनी जबाब घेतला, मी घरी आले आणि दुपारपर्यंत झोपले. त्या दिवशीची डिलिव्हरी अर्थात राहिली.

पैशाचं विचारतात सगळे, म्हणून सांगते. मी नाव नोंदवलं तेव्हा दिवसाला ५७० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने वाढवून १०८३ केले. चांगली वाढ आहे, पण ड्युटी केली त्या दिवसाचेच मिळतात, पगार नाही, पेन्शन नाही, आणि हातात यायला वेळ लागतो. एकट्या ह्याच्यावर घर चालवायचं म्हणून कुणी येत असेल तर मी नको म्हणेन. निष्काम शब्द परेडच्या ग्राउंडवर छान वाटतो, लाईटबिल भरताना तेवढा वाटत नाही. माझ्याकडे मशीन आहे म्हणून मला परवडतं. आणि लग्नसराईत बंदोबस्त लागला की तेही परवडत नाही, गिऱ्हाईकं तुटतात.

नगरपरिषदेच्या निवडणुकीत तर गंमतच झाली. २ डिसेंबर २०२५ ला मतदान, मी शाळेच्या बूथवर बायकांच्या रांगेला. आमच्या वॉर्डातल्या दोन्ही उमेदवार बायका माझ्याकडेच कपडे शिवतात, आणि दोघींच्या प्रचाराच्या साड्यांवरचे ब्लाऊज मीच शिवलेले, एकाच आठवड्यात, एकीचा दुसरीला दिसू नये म्हणून कपाटात वेगवेगळ्या कप्प्यात ठेवून. दोघी रांगेपाशी आल्या, दोघींनी माझ्याकडे ओळखीचं हसून बघितलं, मी समोर भिंतीकडे बघत उभी. लगेच निकाल लागेल म्हणून मी ४ तारखेपासूनच्या सगळ्या डिलिव्हऱ्या कबूल करून बसलेले, आणि कोर्टाच्या आदेशानं मतमोजणी गेली २१ डिसेंबरवर. म्हणजे ऐन लग्नसराईत परत एक बंदोबस्त.

२० च्या संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला, "उद्या सकाळी ०६.०० वा. मतमोजणी केंद्र, पूर्ण गणवेश, लाठी, हेल्मेट सोबत." मी "जय हिंद सर" टाकलं. पॅन्ट धुऊन टाकली होती ती थंडीनं वाळलीच नव्हती, इस्त्री फिरवून फिरवून वाफ काढत बसले. लाठी सापडेना. आईंनी माळ्यावरचा कांद्याचा पोता ओढायला नेली होती. नऊ वाजता दार वाजलं, बघते तर वहिनींची मुलगी, हातात पिशवी. "काकू, आईनं पाठवलंय, मुंढ्यात जरा बघता का, दुसरीकडे शिवला होता." आई कुठंय म्हणलं. "बाहेर उभी आहे, आत येत नाहीये."

पिशवी घेतली. म्हणलं उद्या मतमोजणी आहे, सोमवारी देते, सांग आईला.